डेन्मार्कमधलं एक्स्चेंज वर्ष: जेवण, घर आणि माणसं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोटरी, एएफएस यांसारख्या संस्थांमार्फत डॅनिश कुटुंबात राहून तिथल्या गिम्नासियममध्ये, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या वयाच्या शाळेत, शिकायला जाणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी ही उत्तरं आहेत. डॅनिश शब्द पाकिटावर किंवा पाटीवर दिसतात त्याच्या जवळपास लिहिले आहेत. बोलताना डॅनिश माणूस त्यातली निम्मी अक्षरं गिळून टाकतो, त्यामुळे कानावर काही वेगळंच पडेल.

रोजचं जेवण कसं असतं? किती वाजता?

सकाळी ओट्स, दही किंवा स्किर (चक्क्यासारखं घट्ट दही), नाहीतर पाव-चीज. दुपारचं जेवण साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान आणि थंड. गरम जेवण दिवसातून एकदाच, संध्याकाळी सहाच्या सुमारास. त्यात उकडलेले बटाटे, पास्ता किंवा भात, एखादा मांसाचा पदार्थ, घट्टसर सॉस आणि सॅलड.

रात्री साडेआठ-नऊला जेवायची सवय असलेल्या मुलांच्या पोटात पहिले काही दिवस दहा वाजता कावळे ओरडू लागतात. लाजून उपाशी झोपायचं कारण नाही. पहिल्याच दिवशी विचारून घ्या, ‘रात्री भूक लागली तर मी काय घेऊ शकते?’ बहुतेक घरांत पाव, चीज, फळं, ओट्स ‘कधीही घे’ या वर्गात मोडतात. फ्रीजमधलं उद्याच्या जेवणासाठी काढून ठेवलेलं मांस किंवा पाहुण्यांसाठीचा केक मात्र मोडत नाही. हा फरक कुणी आपणहून सांगत नाही, विचारलं की लगेच सांगतात.

रुगब्रोड घशाखाली उतरत नाही. काय करावं?

रुगब्रोड म्हणजे राईच्या पिठाचा, आंबवणावर फुगवलेला, काळपट, जड आणि आंबूस पाव. त्यात बहुधा अख्खी राई, सूर्यफुलाच्या किंवा जवसाच्या बिया असतात. तो नुसता खायचा पदार्थच नाही. आपण नुसती भाकरी चावून ‘कोरडी आहे’ म्हणावं, तसा प्रकार होतो.

जेमतेम एक सेंटीमीटर जाडीची चकती घ्यायची, कडेपर्यंत लोणी लावायचं आणि वर ‘पोलेग’, म्हणजे पावावर ठेवायचा कुठलाही पदार्थ. लोणी नुसतं चवीला नसतं. त्याचा थर असला की टोमॅटोचं किंवा हेरिंग माशाचं पाणी पावात मुरत नाही आणि चकती लिबलिबीत होत नाही. मधेच लोण्याची जागा सुटली की डब्यातला पाव नेमका तिथेच भिजतो.

सुरुवातीला एका वेळी एकच चकती खा. यात चोथा भरपूर असतो. मैद्याच्या पावाची सवय असलेल्याने पहिल्याच दिवशी चार चकत्या खाल्ल्या तर पोट दिवसभर गुरगुरतं. सोबत पाणी जास्त प्या. नळाचं पाणी थेट पिता येतं आणि ते भूजलच असतं. चव फारच आंबट वाटली तर चकती टोस्ट करून पाहा, आंबूसपणा बराच दबतो.

शाळेत डबा न्यायचा म्हणजे काय न्यायचं?

डब्याला ‘मॅडपाके’ म्हणतात. दोन-तीन चकत्या, त्यांच्यामध्ये पातळ कागदाचे चौकोन आणि एखादं गाजर किंवा सफरचंद. हे कागद दुकानात तयार मिळतात. ते न घालता चकत्या एकावर एक रचल्या की वरचं सगळं खालच्या पावाला चिकटतं. डबा सकाळी तुम्हालाच भरायचा असतो. यजमान आई एक-दोन दिवस दाखवेल, पुढे तुमचं तुम्ही. यात दुरावा काही नाही, तिच्या स्वतःच्या सोळा वर्षांच्या मुलालाही हाच नियम असतो.

मांस न खाणाऱ्यांसाठी चांगले प्रकार: उकडलेल्या बटाट्याच्या गार चकत्या, वर थोडं मेयोनेज, चाइव्हची पात आणि कुरकुरीत तळलेला कांदा, उकडलेलं अंडं आणि टोमॅटो, चीज आणि सिमला मिरची, अंजिराची पातळ वडी, आणि चक्क चॉकलेटच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या, ज्या लोणी लावलेल्या पावावर ठेवतात. मासे खाणाऱ्यांनी टोमॅटो सॉसमधला डबाबंद मॅकेरल जरूर घ्यावा. कोकणातल्या मुलांना बांगड्याचा हा भाऊबंद पहिल्या घासाला ओळखू येतो.

एक सावधगिरी. छोट्या ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये मिळणारी तपकिरी, मऊ पेस्ट शेंगदाण्याच्या लोण्यासारखी दिसते. ती ‘लेवरपोस्टाय’, डुकराच्या यकृताची असते आणि जवळजवळ प्रत्येक फ्रीजमध्ये सापडते.

मी शाकाहारी आहे. वर्ष निभेल का?

निभेल, पण ‘मी शाकाहारी आहे’ एवढ्याने भागणार नाही. डॅनिश घरात मुख्य मांस डुकराचं. २०१४ साली लोकांनी मतदान करून राष्ट्रीय पदार्थ निवडला तोही अजमोद्याच्या पांढऱ्या सॉसबरोबरचं तळलेलं डुकराचं मांस हाच. शाकाहारी माणूस मासे किंवा मांसाच्या पाण्यात शिजवलेलं सूप चालवून घेत असेल, असा काहींचा समज असतो. म्हणून जायच्या आधीच, ईमेलमध्ये, यादी लिहून पाठवा: काय खातो, काय नाही, आणि जिथे शंका येते ते. अंडं चालतं का? केकमधलं अंडं चालतं का? मांस शिजवलेल्या भांड्यातला नुसता सॉस चालतो का? जिलेटिन? प्राण्यांच्या रेनेटचं, म्हणजे वासराच्या जठरातल्या विरजणाने बनवलेलं चीज?

‘तुम्हाला त्रास नको, मी जमवून घेईन’ असं मात्र लिहू नका. ते वाक्य जसंच्या तसं खरं मानलं जाईल आणि पहिल्या संध्याकाळी समोर मीटबॉल येतील. डॅनिश माणूस सांगितलेलं पाळतो. न सांगितलेलं ओळखण्याचा प्रयत्न करत नाही.

कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य असलेल्यांनी कुटुंब ठरण्याआधीच संस्थेशी बोलावं. बटाट्याशिवाय डॅनिश स्वयंपाक उभा करायचा म्हणजे रोज वेगळा स्वयंपाक, आणि नोकरी करणाऱ्या दोघा यजमानांकडून तशी अपेक्षा ठेवणं बरोबर नाही.

स्वतःचं प्रथिनांचं गणित तुम्हीच सांभाळा. लाल मसूर डाळ, डबाबंद छोले, अंडी, स्किर आणि चीज नेट्टो, रेमा १०००, लिडल अशा कुठल्याही दुकानात मिळतं. बाहेर पोट भरायचं तर जवळपास प्रत्येक गावात शावर्मा-फलाफलचं दुकान असतं, तिथलं फलाफल घ्या. लाल सॉसेजच्या गाडीवर शाकाहारी काही मिळेलच असं नाही.

पाकिटावरचे कोणते शब्द पाठ असायला हवेत?

‘स्विने’ किंवा ‘ग्रिस’ म्हणजे डुक्कर, ‘ओक्से’ म्हणजे गोमांस, ‘क्युलिंग’ कोंबडी, ‘फिस्क’ मासा, ‘एग’ अंडं. ‘स्किंके’ आणि ‘बेकन’ डुकराचंच. ‘फेट’ म्हणजे चरबी. आधी ‘स्विने’ लागलं तर डुकराची, ‘प्लान्टे’ लागलं तर वनस्पतीची. ‘जेलाटिने’ शब्द च्युइंग मिठायांवर हमखास दिसेल. शुक्रवारी संध्याकाळी घरोघरी वाडग्यात ज्या रंगीत मिठाया ठेवतात, त्यातल्या बऱ्याच या प्रकारच्या. ‘कान इनहोल्डे स्पोर अफ’ म्हणजे ‘अंश असू शकतो’, हा इशारा ॲलर्जी असलेल्यांसाठी असतो.

‘करी’ लिहिलेलं दिसलं. आपलं काही मिळणार का?

नाही. ‘बोला इ कार्री’ हा डॅनिश घरांत मुलांचा आवडता पदार्थ आहे: डुकराच्या खिम्याचे गोळे, पिवळ्या, सौम्य, किंचित गोडसर सॉसमध्ये, भाताबरोबर. ‘कार्रीसिल्ड’ म्हणजे पिवळ्या मेयोनेजमधलं लोणच्याचं हेरिंग. नाव ऐकून हरखलेल्या शाकाहारी मुलांची सर्वांत जास्त फसगत याच दोन ठिकाणी होते.

जेवणाच्या टेबलावर काय पाळायचं?

सगळे बसेपर्यंत थांबा. यजमानांनी ‘वेर्सगो’ म्हटलं की सुरू करा. भांडी हातोहात फिरतात, ज्याने त्याने आपलं वाढून घ्यायचं. पहिल्या फेरीत थोडं घ्या, कारण भांडं पुन्हा फिरतं आणि पानात टाकणं तिथेही बरं दिसत नाही. काटा-सुरी वापरा. पाहुण्यांसाठी सजवून मांडलेलं स्मोरब्रोड, म्हणजे वर पोलेग रचलेल्या रुगब्रोडच्या चकत्या, तेसुद्धा काट्या-सुरीनेच खातात, हाताने खायचा तो डबा. स्मोरब्रोडचा क्रमही ठरलेला आहे: आधी हेरिंग, मग इतर मासे, मग मांस, शेवटी चीज. हेरिंगची ताटली वेगळी ठेवतात, नाहीतर पुढच्या सगळ्याला व्हिनेगरचा वास लागतो.

उठताना स्वयंपाक करणाऱ्याकडे पाहून ‘टाक फॉर मॅड’ म्हणायचं, म्हणजे जेवणाबद्दल आभार. उत्तर येईल, ‘वेलबेकोमे’. हे दोन शब्द रोज, न चुकता. आपल्या घरात आईला थँक्यू म्हणायची पद्धत नसते, त्यामुळे मुलं हे विसरतात आणि यजमानांना ते खटकतं. मग आपलं ताट उचलून डिशवॉशरमध्ये लावायचं. मुलगा असो की मुलगी, बाबा असो की आई.

‘नको’ म्हटलं तर पुन्हा कुणी विचारतच नाही. मी त्यांना नकोशी आहे का?

सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतात.

आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे बोलण्याची सुरुवात असते. पाहुणा आढेवेढे घेतो, यजमान आग्रह करतो, तिसऱ्या वेळी अर्धी पोळी पानात पडते आणि दोघांनाही बरं वाटतं. डेन्मार्कमध्ये पहिलं ‘नाय टाक’, नको, आभार, हाच अंतिम निर्णय. पुन्हा विचारणं म्हणजे तुमच्या शब्दावर विश्वास न ठेवणं, असं त्यांना वाटतं. तेव्हा केक हवा असेल तर पहिल्याच वेळी ‘या टाक’ म्हणा. दुसरा तुकडा हवा असेल तर मागा: ‘अजून थोडा घेऊ का?’ याला हावरटपणा कुणी समजत नाही. उलट स्वयंपाक आवडला याची ती पावती.

हाच नियम जेवणापलीकडेही लागू पडतो. यजमान भाऊ विचारेल, ‘आम्ही हँडबॉलला चाललोय, येतेस?’ तुम्ही संकोचून ‘नको, तुम्ही जा’ म्हणालात तर ते खरंच जातील, आणि दोन-तीनदा असं झालं की विचारणं थांबेल, कारण तुम्हाला आवडत नाही अशी त्यांनी नोंद घेतलेली असेल. पालकांनी फोनवर ‘त्यांना त्रास देऊ नकोस’ असं रोज सांगण्यापेक्षा ‘विचारलं की हो म्हण’ असं सांगितलेलं जास्त उपयोगी.

उलट बाजूही ध्यानात घ्या. तुम्ही त्यांना थालीपीठ दिलंत आणि ते ‘नको’ म्हणाले, की तिथेच थांबा. ताटात वाढून टाकू नका.

यजमान आई-वडिलांना, शिक्षकांना काय हाक मारायची?

नावाने. मुख्याध्यापकांनाही. ‘सर’, ‘मॅडम’ म्हटलं तर वर्गात हशा पिकतो आणि शिक्षक अवघडतात. ‘आंटी’, ‘अंकल’ही नको. पहिला आठवडा जीभ वळत नाही, मग वळते. काही मुलं कालांतराने यजमानांना डॅनिशमधले आई-बाबा ‘मोर’ आणि ‘फार’ म्हणू लागतात. त्यांनी सुचवलं तरच म्हणा.

वर्गात शिक्षकांचं म्हणणं खोडून काढणं हा उद्धटपणा नसून भाग घेणं समजलं जातं. मात्र स्वतःचे टक्के, क्रमांक, बक्षिसं सांगत सुटलात तर लोक गप्प होतात. स्वतःला इतरांपेक्षा वरचढ समजू नये, या अलिखित नियमाला तिथे ‘यान्तेलोव’ म्हणतात. अलीकडे डॅनिश माणसं त्याची टिंगल करतात, आणि पाळतातही.

माणसं अबोल का वाटतात? मित्र कसे करायचे?

बसमध्ये शेजारी बसलेला माणूस बोलणार नाही. ट्रेनमध्ये ‘स्टिलेझोन’ म्हणजे शांत डबा असतो, तिथे फोनवर बोलणारे तुम्ही असाल तर कुणीतरी पाटीकडे बोट दाखवेल. वर्गमित्र शाळेत हसूनखेळून बोलतील आणि सुटल्यावर सायकल काढून निघून जातील. त्यांचे मित्र लहानपणापासूनचे असतात, गट ठरलेले असतात.

आत शिरायची वाट म्हणजे क्लब. तिथे बहुतेक गोष्टी संघटनांतून चालतात: हँडबॉल, फुटबॉल, बॅडमिंटन, जिम्नॅस्टिक्स, स्काउट. भारतातून आलेल्यांना बॅडमिंटन सर्वांत सोयीचं, कारण खेळ आधीच येतो आणि डेन्मार्कमध्ये त्याचं वेड आहे. हॉलमधले खेळ साधारण सप्टेंबरपासून वसंतापर्यंत चालतात, म्हणून ऑगस्टमध्येच नाव नोंदवा. जानेवारीत गेलात तर जोड्या ठरून गेलेल्या असतात. क्लबमध्ये दर मंगळवारी तीच माणसं भेटतात आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कुणीतरी घरी बोलावतं. त्याआधी बोलावलं नाही म्हणून खट्टू होऊ नका.

एखाद्या घरगुती कार्यक्रमाला गेलात तर दारात उभं राहून सगळ्यांना एकदम हात हलवायचा नाही. एकेकाकडे जाऊन हस्तांदोलन करायचं आणि स्वतःचं नाव सांगायचं, वीस माणसं असली तरी. पुढच्या भेटीत ‘टाक फॉर सिस्ट’ म्हणायचं, मागच्या वेळेबद्दल आभार. हा शब्द परक्या माणसाच्या तोंडून आला की समोरचा खूश होतोच.

विनोद कोरडा आणि बराच उपहासाचा असतो. चेहरा न हलवता ‘तुझं डॅनिश तर माझ्यापेक्षा चांगलं आहे’ म्हटलं, तर ती थट्टा आहे. थट्टा सुरू झाली की समजा, तुम्ही त्यांच्यातले झालात.

वेळेचं काय?

सहाला बोलावलं म्हणजे सहाला. सव्वासहाला पोचलात तर बटाटे गार झालेले असतात, पावणेसहाला पोचलात तर यजमान अजून आंघोळीत. पाच मिनिटं आधी पोचलात तर कोपऱ्यावर थांबा. उशीर होणार असेल तर मेसेज करा.

‘हाल्व त्रे’ म्हणजे अडीच, साडेतीन नव्हे. इंग्रजीच्या सवयीने ऐकणारे इथे तासभर चुकतात. तारखांऐवजी आठवड्याचा क्रमांक सांगतात: शरद ऋतूची सुट्टी ‘आठवडा ४२’. फोनच्या कॅलेंडरमध्ये आठवड्यांचे क्रमांक दिसण्याची सोय चालू करून ठेवा.

भारतातून काय न्यावं, काय नेऊ नये?

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, खव्याची बर्फी, आंबा बर्फी, हे सगळं घरीच ठेवा (चितळ्यांची बाकरवडी यात येत नाही). ताजी फळं, भाज्या आणि कढीपत्ता यांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यातून सुटलेली फळं पाचच: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. हापूसची पेटी कस्टममध्ये कचऱ्यात जाते.

न्यावं ते कोरडं: गोडा मसाला, हिंग, मोहरी, हळद, मेतकूट, कोकम, सुकी चटणी. हिंगाची डबी हवाबंद बरणीत आणि वर दोन पिशव्यांत घाला, नाहीतर वर्षभर स्वेटरना वास येईल. शेंगदाण्याची चटणी यजमानांच्या घरात ठेवण्याआधी कुणाला ॲलर्जी आहे का ते विचारा.

विजेचा दाब आपल्यासारखाच, २३० व्होल्ट. दोन पिनांचा बारीक प्लग चालतो, आपला तीन पिनांचा नाही.

यजमानांसाठी मराठी जेवण करायचं आहे. कुठे फसतं?

पाच ठिकाणी.

तवा: बऱ्याच घरांत इंडक्शनची शेगडी असते, त्यावर ॲल्युमिनियमचा तवा किंवा कुकर तापतच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटत असेल तरच भांडं न्या.

पीठ: साधं ‘वेडेमेल’ मैद्याच्या जवळचं, त्याच्या पोळ्या वातड होतात. ‘ग्राहम्समेल’ भरड, त्याच्या पोळ्या लाटताना फाटतात, पण थालीपिठाला ते छान. पोळ्यांसाठी आटा परदेशी किराण्याच्या दुकानातून आणा. कोपनहेगनमध्ये नोरब्रो भागात अशी दुकानं आहेत.

तूप: ‘स्मोरबार’ नावाचं मऊ लोणी कढवू नका. त्यात मोहरीच्या जातीच्या बियांचं तेल मिसळलेलं असतं, त्यामुळे तूप होत नाही. ‘उसाल्टेट’, म्हणजे बिनमिठाचं, कागदात गुंडाळलेलं लोणी घ्या. खारट लोण्याचं तूप निघतं, पण बेरी तोंडात धरवत नाही.

कढी: ताकाला ‘क्यार्नेमेल्क’ म्हणतात आणि त्याची कढी फार चांगली होते. एक लिटरला तीन मोठे चमचे बेसन, मंद आच आणि सतत ढवळणं. बेसन ‘किकेर्टेमेल’ नावाने मिळतं. शेजारीच ठेवलेला ‘कोल्डस्कोल’चा डबा मात्र उचलू नका. तेही ताकाचंच, पण साखर, लिंबू, व्हॅनिला आणि अंडं घातलेलं उन्हाळी गोड पेय आहे. त्यात फोडणी घातली की काय होतं ते सांगायला नको. बारीक बिस्किटं चुरून ते गारच खा, उत्तम लागतं.

फोडणी: धुराचा अलार्म. मिरची तेलात पडण्याआधी वरचा पंखा पूर्ण वेगाने लावा आणि खिडकी उघडा. ठेचा घरात करूच नका, अंगणात करा.

शिवाय बऱ्याच भागांत पाणी जड असल्याने राजमा, छोले, तूरडाळ शिजायला वेळ घेतात. रात्रभर भिजवा आणि चिमूटभर सोडा घाला. उपासाच्या खिचडीसाठी ‘सागोग्रुन’ आणत असाल तर पाकीट वाचा. ते बहुतेकदा बटाट्याच्या स्टार्चचे दाणे असतात, भिजवले की चिकट गोळा होतो. ‘टापिओका’ लिहिलेलं पाहिजे.

पहिल्या वेळी बटाट्याची पिवळी भाजी, पुऱ्या, काकडीची कोशिंबीर आणि साधं वरण-भात करा. हिरवी मिरची फोडणीत अख्खी टाका आणि वाढण्याआधी काढून घ्या. आपल्याला ‘बेचव’ वाटेल इतकं तिखट त्यांच्यासाठी पुरेसं असतं.

नाताळच्या जेवणात शाकाहारी काय असतं?

मुख्य सोहळा २४ डिसेंबरच्या संध्याकाळी: बदक किंवा डुकराचं भाजलेलं मांस, साखरेच्या पाकातले छोटे बटाटे, लाल कोबी. बटाटे आणि कोबी शिजवताना बदकाची चरबी घातली का, ते आधी विचारा. नंतर झाडाभोवती हात धरून गाणी म्हणत फिरतात, मग भेटी उघडतात. भेट देणाऱ्यासमोरच उघडायची. बाजूला ठेवून दिली तर ती आवडली नाही असं वाटतं.

गोडात ‘रिसालामांग’ असते आणि ती आपल्या तांदळाच्या खिरीची थंड चुलत बहीण आहे. तुम्हीच ती करायची तयारी दाखवा. अडीच डेसीलिटर, म्हणजे २५० मिलीच्या मापाने, ‘ग्रोडरिस’ हा आखूड तांदूळ तीन डेसीलिटर पाण्यात दोन-तीन मिनिटं उकळा. आधी पाण्यात शिजवला की दूध तळाला कमी लागतं. मग एक लिटर सायीचं दूध घालून झाकण ठेवून अगदी मंद आचेवर ३५ मिनिटं, मधूनमधून ढवळत. मीठ शेवटी. बासमती इथे उपयोगाचा नाही, तो मोकळा राहतो आणि खीर मिळून येत नाही. हा भात रात्रभर गार करा. दुसऱ्या दिवशी साखर, व्हॅनिला, १०० ग्रॅम सोललेल्या बदामांचे तुकडे आणि चार-पाच डेसीलिटर फेटलेली साय हलक्या हाताने मिसळा. भात कोमट असताना साय घातली की ती वितळते आणि पातळ पाणी होतं, बिघडतं ते इथेच. वरून चेरीचा गरम सॉस.

आत एकच अख्खा बदाम टाकतात. तो ज्याला सापडेल त्याला भेट मिळते. सापडला तरी गालात दडवून गप्प बसायचं, म्हणजे बाकीचे भांडं संपेपर्यंत खात राहतात.

काळी गोळी दिली, ती खारट निघाली!

खारट लिकरिश, म्हणजे ज्येष्ठमधाची गोळी. त्यात नवसागर असतो. अर्धी चावून नाजूकपणे रुमालात काढणाऱ्यावर कुणी रागावत नाही, बहुधा त्यासाठीच दिलेली असते.

वाढदिवसाला झेंडे कशाला?

डॅनिश झेंडा त्यांच्याकडे आनंदाच्या प्रसंगी तोरणासारखा वापरतात. केकवर, टेबलावर, अंगणातल्या खांबावर, आणि विमानतळावर तुम्हाला घ्यायला येतील तेव्हा त्यांच्या हातातही. वाढदिवस तुमचा असेल तर वर्गात केक तुम्हीच न्यायचा. कुणी आणला नाही म्हणून वाट पाहत बसाल तर दिवस तसाच जाईल.

पोहण्याच्या तलावावर कपडे काढून आंघोळ करायला सांगतात. खरंच?

खरंच. तलावात उतरण्याआधी पोहण्याचा पोशाख न घालता, साबणाने अंग धुवावं लागतं. भिंतीवरच्या चित्रात कुठे धुवायचं तेही दाखवलेलं असतं. स्त्री-पुरुषांच्या खोल्या वेगळ्या असतात आणि तिथे कुणी कुणाकडे पाहत नाही. कारण स्वच्छतेचं: अंग न धुता उतरलं तर पाण्यात जास्त क्लोरीन घालावं लागतं. बऱ्याच ठिकाणी पडद्याचा किंवा दाराचा एखादा शॉवर असतो, संकोच वाटत असेल तर आधी विचारा.

घरच्या बाथरूममध्ये आंघोळ पाच-सात मिनिटांत आटपा आणि रबरी पट्टीने फरशीवरचं पाणी मोरीकडे ओढून या. संडासात जेट नसतो, छोटी बाटली जवळ ठेवा.

सायकल येते. एवढं पुरेसं आहे का?

नाही. पुण्यातली सायकल आणि कोपनहेगनमधली सायकल यांत फरक नियमांचा आहे. उजवीकडून चालवा, पुढच्याला डावीकडून मागे टाका. वळण्याआधी त्या बाजूचा हात आडवा करा, थांबण्याआधी हात वर करा. हात न दाखवता थांबलात तर मागचा अंगावर येतो. चौकात डावीकडे थेट वळता येत नाही: आधी सरळ पलीकडे जायचं, उजव्या कडेला थांबायचं, मग वाट मोकळी झाली की डावीकडची दिशा धरायची. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा सक्तीचा. डिसेंबरमध्ये साधारण पावणेचारला सूर्य मावळतो, म्हणजे शाळेतून येतानाही दिवे लागणार. फुटपाथवर सायकल नाही, हातात फोन नाही.

रिकाम्या बाटल्या फेकायच्या का?

नाही, त्यावर ‘पान्त’ म्हणजे अनामत असते: A गटाला १ क्रोन (डॅनिश चलन), B गटाला दीड, C गटाला ३. सुपरमार्केटच्या यंत्रात टाका, पावती काउंटरवर द्या. चेपू नका, नाहीतर यंत्राला बारकोडची पट्टी वाचता येत नाही.

पार्टीत बिअर असते. काय करायचं?

डेन्मार्कमध्ये १६ पूर्ण झाल्यावर सौम्य मद्य विकत घेता येतं आणि शाळेच्या कार्यक्रमांतही ते दिसतं. तुम्हाला मात्र तुमच्या संस्थेचे नियम लागू होतात आणि ते मोडले तर परत पाठवतात. ‘नाय टाक’ एकदा म्हटलं की पुरे. हातात सोड्याचा ग्लास असू द्या, कारण ‘स्कोल’ म्हणून ग्लास उंचावताना सगळ्यांत सामील व्हायचं असतं: उंचवा, डोळ्यांत पाहा, घोट घ्या, पुन्हा पाहा, मग खाली ठेवा.

कुटुंबाशी पटलं नाही तर?

आधी घरातच बोला, संध्याकाळच्या जेवणानंतर, आणि नेमकं बोला. ‘मला इथे बरं वाटत नाही’ यातून त्यांना काही कळत नाही. ‘रविवारी मी दिवसभर खोलीत एकटी असते, मला तुमच्याबरोबर काहीतरी करायला आवडेल’ यावर ते लगेच कॅलेंडर उघडतात. मार्ग निघाला नाही तर संस्थेने नेमून दिलेल्या समुपदेशकाला फोन करा. त्याचं कामच ते आहे, ती तक्रार धरली जात नाही. भारतातल्या पालकांनी थेट यजमानांना रात्री फोन करून जाब विचारला की प्रकरण चिघळतं, म्हणून त्यांनीही संस्थेमार्फतच बोलावं. कुटुंब बदलणं शक्य असतं, आणि रोटरीच्या वर्षात तर एकाहून अधिक कुटुंबं बहुधा आधीच ठरलेली असतात. तातडीच्या संकटात ११२.